पहिल्या घासाआधी

अण्णा कोसळले तेव्हा त्यांच्या पोटावरच्या चकतीनं आपलं काम चोख बजावलं होतं. हे मी कंपनीची बाजू घेऊन सांगत नाही. ती चकती कुठल्या क्षणी औषध सोडेल हे ठरवणारं गणित मीच लिहिलेलं आहे, आणि त्या दुपारची नोंद मी नंतर शंभर वेळा तरी तपासली. बारा वाजून एकोणीस मिनिटांनी इन्शुलिन सुटलं. गणिताप्रमाणे ते तेव्हाच सुटायला हवं होतं. एक वाजून चार मिनिटांनी अण्णा आईच्या खाटेशेजारी, हातात वाटी घेऊन, बसल्या जागी कलंडले.

आई ओरडू शकत नाही. दीड वर्षापूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू गेली आहे आणि जीभ जड झाली आहे. एकेक शब्द जुळवून ती बोलते. तिनं डाव्या हातानं उशाचं फुलपात्र उचललं आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायला सुरुवात केली. शेजारच्या हौसाकाकूंना आधी वाटलं, ज्ञानू वायरमन काहीतरी दुरुस्त करत बसलाय. आपटणं थांबेना म्हणून त्या बघायला आल्या. तातडीच्या वेळी नाकात फवारायच्या औषधाची नळी फ्रिजवर चिकटवलेली होती, ती त्यांना सापडली आणि अण्णा वाचले. त्यांनी डोळे उघडले तरी आईचा हात थांबत नव्हता, असं काकू सांगतात. त्या फुलपात्राला अजून पोचे आहेत.

ज्ञानदेव माळी, म्हणजे आमचे अण्णा, वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले. विट्याजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे ज्ञानू वायरमन म्हणतात. चौतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस. त्यांना मधुमेह झाल्यावर आमच्या कंपनीची चकती मीच पुण्याहून नेऊन लावली होती. मुलगी एवढी शिकली त्याचा बापाला काहीतरी उपयोग झाला म्हणून मी तेव्हा फार खुशीत होते.

चकतीबद्दल थोडं सांगायला हवं. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन पुरेसं तयार होत नाही त्यांना ते बाहेरून द्यावं लागतं, आणि त्यात खरी अडचण वेळेची असते. कातडीखाली सोडलेलं इन्शुलिन कामाला लागायला पंधरावीस मिनिटं घेतं. तोवर भाकरीची साखर रक्तात चढू लागलेली असते. म्हणजे औषध जेवणाच्या थोडं आधी द्यायला हवं. पण औषध सुटलं आणि घास आलाच नाही, तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. मग माणूस आता जेवणार आहे हे यंत्राला कळायचं कसं?

शरीराला ते कळतं. लसणाची फोडणी बसली, ताटं वाजली, की मेंदू पोटाला निरोप धाडतो. तोंडाला पाणी सुटतं, ही त्यातली आपल्याला जाणवणारी गोष्ट. न जाणवणारी अशी, की जठराच्या स्नायूंतून मिनिटाला तीन या बेतानं विजेच्या अगदी सौम्य लाटा सतत जात असतात, आणि निरोप मिळताच त्या जोर धरतात. आमची चकती पोटाच्या कातडीवरून या लाटा ऐकते. लाटा चढल्या म्हणजे घास येतोय असं धरून ती आधीच औषध सोडते.

पहिल्या वर्षी पुरुषांना तिचा छान गुण आला. बायकांना मात्र चक्कर यायला लागली, दोघी-तिघी मरता मरता वाचल्या. मी चाळीस हजार माणसांच्या नोंदी घेऊन बसले आणि चार महिन्यांत कारण शोधून काढलं. पुरुषांच्या लाटा चढायच्या आणि साधारण बारा मिनिटांत पहिला घास पोटात जायचा. बायकांच्या लाटाही तितक्याच चढायच्या, पण पाच-सात मिनिटांत सपाट व्हायच्या. मग पाऊण तासानं, तासानं त्या जेवायच्या, तेव्हा लाट जवळजवळ उठायचीच नाही. मी त्याला ‘स्त्री-जठर प्रतिसाद’ असं नाव दिलं. संप्रेरकांमुळे असेल, लाखो वर्षं पिल्लांना आधी भरवणाऱ्या माद्यांचा वारसा असेल, असं मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं. शोधनिबंध गाजला, वर्तमानपत्रांत फोटो आले. चकतीत ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ अशा दोन पद्धती आल्या. ‘स्त्री’ पद्धतीत ती लाटेवर विसंबत नाही, प्रत्यक्ष गिळण्याचा आवाज येईपर्यंत थांबते. बायकांची चक्कर बंद झाली. मला त्याचा अभिमान होता, आणि तो काही अगदीच फुकटचा नव्हता.

चाळीस हजारांतले बाराशे जण त्या चौकटीत बसत नव्हते. काही पुरुषांच्या लाटा बायकांसारख्या, काही बायकांच्या पुरुषांसारख्या. मी त्यांना ‘विसंगत’ म्हणून वेगळ्या यादीत टाकलं. मोठ्या नोंदींत एवढा कचरा निघतोच. खरं तर प्रयोगशाळेत आम्ही सगळेच औषध नसलेली, नुसती ऐकणारी चकती लावून हिंडायचो, आणि माझ्या स्वतःच्या लाटा पुरुषांसारख्या होत्या. मी हसून सोडून दिलं.

अण्णा कोसळले त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. सुहासदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, नाशिकला असतो.

“तेजू, झालं तेवढं पुरे,” तो म्हणाला. “आईला सांगलीच्या सेवाकेंद्रात ठेवू या. मी जागा बघितलीय, चांगलं आहे. सोमवारी त्यांची गाडी येईल. मी रविवारी येतो आणि अण्णांना इकडे घेऊन जातो.”

“अण्णांना विचारलंस?”

“त्यांना काय विचारायचं? ते नाहीच म्हणणार. अगं, पुरुषमाणूस आहे तो. आजाऱ्याला भरवायचं, पुसायचं, धुवायचं, हे बाईच्या रक्तात असतं. पुरुषाचं शरीर त्यासाठी घडलेलंच नाही. आणि हे मी नाही म्हणत, तूच लिहिलंयस. मी कात्रण ठेवलंय त्याचं.”

मी काहीतरी बोलणार होते, पण त्याला रडू फुटलं. “मला आईबाप दोन्ही जिवंत पाहिजेत गं,” एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. दादा दुष्ट नाही. तो घाबरला होता, मीही घाबरले होते.

मग मी अण्णांना फोन लावला. सेवाकेंद्राचं त्यांना कळलं होतं.

“तिला घास कसा द्यायचा ते मला ठावं हाय,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या हातनं तिला ठसका लागतोय. तिथं चार दिवस जगायची न्हाई ती. तू ये आणि ती चकती बघ. तिचं काय बिघडलंय तेवढं काढ, मग मी बघतो गाडी कशी येती ते.”

चव्वेचाळीस वर्षांचा संसार. सोमवारपर्यंत चकतीतला दोष सापडला नाही तर तो दोन गावांत वाटला जाणार होता. मंगळवारी सकाळी मी घरी पोचले.

आमच्याकडे आता घरोघरी भाकरीचं यंत्र आहे. पीठ घातलं की भाजलेली भाकरी बाहेर येते. आईच्या आजारपणानंतर अण्णांनी ते घेतलं आणि बाकीचा स्वयंपाक हळूहळू शिकले. बुधवारी दुपारी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात टॅबलेट घेऊन बसले. औषध आदल्या दिवशीच हातानं द्यायच्या पद्धतीवर टाकलं होतं, चकती आता फक्त ऐकत होती. सव्वाबाराला अण्णांनी आमटीला फोडणी दिली. पडद्यावर त्यांची लाट चढली. गणितानं खूण केली, या क्षणी औषध सुटलं असतं.

अण्णांनी वाटीत भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, चमच्यानं घोटून घोटून मऊ केली आणि आईजवळ जाऊन बसले. एक चमचा तोंडात. मग दोन बोटं तिच्या गळ्यावर अलगद ठेवून घास खाली उतरला की नाही ते बघायचं. उतरला की ओठ पुसायचे. मग दुसरा चमचा. मधे ते तिच्याशी बोलत होते, हौसाच्या म्हशीचं काय झालं, कुणाच्या घरी पाळणा हलला. मी घास मोजत होते, अडतीस झाले. त्याला पन्नास मिनिटं लागली.

पडद्यावर अण्णांची लाट सहाव्या मिनिटाला सपाट झाली होती. तो आकार मी हजारो वेळा बघितला होता. त्याच्यावरच तर माझं नाव झालं होतं.

“अण्णा, तुम्ही कधी जेवता?”

“हिचं झालं की.”

“डॉक्टरांना तुम्ही साडेबारा सांगितलं होतं. कागदावर तसं लिहिलंय.”

“मग? घरात जेवण साडेबारालाच होतंय की.”

“पण तेव्हा आई जेवते. तुम्ही नाही.”

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकून हिला साधं कळेना. “जेवणाची येळ इचारली, मी जेवणाची येळ सांगितली,” ते म्हणाले.

मी एकेक विचारत गेले. याआधी गरगरायचं का? रोजच थोडं गरगरायचं. मग काय करायचात? खिशात गुळाचा खडा असायचा. त्या दिवशी? त्या दिवशी आईला गोड खावंसं वाटलं म्हणून तो खडा तिच्या लापशीत घातला होता. आणि साखर उतरली की चकती वाजते, ती का नाही वाजली?

“वाजतंय कसलं, किंचाळतंय ते. एकदा हिच्या तोंडात घास हुता तवाच किंचाळलं. दचकली, ठसका लागला, निळी पडली. त्या दिवसापासनं बंद करून टाकलं.”

“अण्णा, अहो, हे मला सांगायचं नाही का?”

“त्यात काय सांगायचं?”

मी टॅबलेट बाजूला ठेवला. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण अण्णांच्या तोंडून नाही. ताप असताना भाकऱ्या थापणारी आई म्हणायची, पोळलेला हात पदराखाली लपवून म्हणायची. त्यात काय सांगायचं.

त्या दुपारी मी अण्णांची दीड वर्षाची नोंद काढली. सुरुवातीला आईला भरवायला एक बाई येत होती. तेव्हा अण्णा ताट घेऊन साडेबाराला बसायचे, आणि त्यांची लाट चढून घास येईपर्यंत टिकायची. पाचव्या महिन्यात ती बाई लेकीकडे निघून गेली आणि भरवणं अण्णांकडे आलं. सहाव्या महिन्यात लाट पंधरा मिनिटांनी पडत होती. नवव्यात दहा मिनिटांनी. गेले सहा महिने ती सहा मिनिटांत पडत होती. माझ्या निबंधाप्रमाणे ज्याला लाखो वर्षं लागली, ते एका माणसाच्या पोटात सात-आठ महिन्यांत झालं होतं. आणि चकतीवर ‘पुरुष’ लिहिलेलं असल्यामुळे ती पहिली लाट चढताच औषध सोडून मोकळी होत होती.

मग मी ती ‘विसंगत’ बाराशेंची यादी उघडली. संमतीपत्रावर दूरध्वनी क्रमांक होते, कुणी कधी लावले नव्हते. गुरुवारी दिवसभर मी तेच केलं. पहिलाच माणूस धुळ्याकडच्या एका आश्रमशाळेचा आचारी निघाला. “दोनशे पानं वाढून झाल्याबिगर मी बसत नाही मॅडम, तोवर भूक मरून जाते,” असं तो अगदी सहज म्हणाला. लातूरची एक एसटी कंडक्टर होती, तिची सासू ताट वाढून वाट बघायची आणि ही आल्या आल्या हात धुऊन बसायची. एका विधुराला दोन लहान पोरी होत्या. एकजण मुलींच्या वसतिगृहात राहणारी, घंटा झाली की खानावळीत हजर. अठरा जणांशी बोलले. त्यानंतर पुढे लावायची गरज राहिली नाही.

विज्ञान म्हणून गोष्ट फार साधी होती. निरोप रोज यावा आणि घास काही येऊ नये, असं महिनोन् महिने झालं, की शरीर निरोपाकडे लक्ष देणं सोडून देतं. जेवण वाढणाऱ्या प्रत्येकाच्या शरीरात हेच होतं. ते बाईचं आहे की पुरुषाचं, याच्याशी पोटाला काही घेणं नाही. आमच्याकडे वाढणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, म्हणून मला ते बाईचं पोट वाटलं.

आणि मी वाढले कुठे, तर याच घरात. अण्णा आणि दादा जेवायला बसायचे, नऊ वर्षांची मी पाणी वाढायचे, आई तव्यावरून एकेक गरम भाकरी आणून टाकायची. सगळ्यांचं झालं की ती चुलीकडे तोंड करून, राहिलेलं गार कालवण आणि तळाची भाकरी घेऊन बसायची. हे मी हजारदा तरी बघितलं असेल. चाळीस हजार बायका-पुरुषांच्या पोटांतल्या लाटा वाचताना त्यातलं काहीही मला आठवलं नाही. पुण्यात मला डबा टेबलावर येत होता. मला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

आमचे विभागप्रमुख डॉ. बर्वे फोनवर शांत होते. “तेजस्विनी, चाळीस हजारांचा आकडा चूक कसा असेल?”

“आकडा बरोबर आहे सर. त्याला मी दिलेलं नाव चुकलंय. मी निबंध मागे घेतेय.”

“पुढच्या महिन्यात वरच्या पदावर तुझी नेमणूक आहे, हे लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. त्या नेमणुकीची मी चार वर्षं वाट बघितली होती. पत्र मी तरीही त्याच दिवशी पाठवलं.

नवी पद्धत बसवायला महिने लागणार होते. सोमवारच्या आत एकच उपाय हाताशी होता, अण्णांची चकती ‘स्त्री’ पद्धतीवर टाकायची. त्यासाठी एक कबुलीपत्र भरावं लागतं. ‘लिंग’ या रकान्यात खूण करून खाली वापरणाऱ्याची सही. मी टॅबलेट अण्णांसमोर धरला आणि कसंबसं समजावलं. चौतीस वर्षं खांबावर चढलेल्या बापाला हे सांगताना माझीच जीभ अडखळत होती.

अण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं. “म्हंजे हितं ‘स्त्री’ केलं की औषध माझ्या जेवणापतूर थांबणार.”

“हो.”

“आणि मी हिला भरवू शकणार.”

“हो अण्णा.”

“मग कर की. खांबावर चढताना लाईन कुणाच्या नावाची हाय ते बघत न्हाईत. जिती हाय का मेलीय ते बघत्यात.” त्यांनी सही केली. मग जरा थांबून आईकडे बघत म्हणाले, “तेजू, ती दुसरी नुसती ऐकायची चकती हाय न्हवं तुझ्याकडं? हिला लाव की. हिचं काय चालतंय ते तर बघू.”

मी आईकडे बघितलं. तिनं मान हलवली. मी चकती तिच्या पोटावर चिकटवली.

दादा रविवारी अकराला आला. येताना त्यानं सेवाकेंद्राची माहितीपुस्तिका आणली होती, गुळगुळीत कागदाची, वर फुलांचे फोटो. कबुलीपत्राचं कळताच त्याचा चेहरा लाल झाला.

“तू अण्णांना कागदावर बाई केलंस?”

“मी त्यांना जगवायची सोय केली.”

“गावात कळलं तर काय होईल? ज्या माणसाला अख्खा तालुका ओळखतो त्याची अशी थट्टा? तेजू, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

“सही मी केलीय सुहास,” अण्णा आतून म्हणाले. ते फोडणी देत होते. “हात धू. जेवण व्हायलंय.”

दादा पाटावर बसला. ताट वाढून त्याच्यासमोर मीच ठेवलं, आणि ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की नऊ वर्षांची असताना करायचे तेच मी करतेय. अण्णा वाटी घेऊन आईजवळ गेले. मी टॅबलेट दादापुढे धरला. त्यावर दोन दिवसांच्या दोन नोंदी होत्या, एकीखाली एक, नावं झाकलेली.

“माझा निबंध वाचलायस ना? कात्रण ठेवलंयस ना? मग सांग, यातली अण्णांची कुठली आणि आईची कुठली.”

दादा हुशार आहे. त्यानं नीट बघितलं. वरची लाट फोडणीबरोबर चढून घास येईपर्यंत तशीच उभी होती, दोन्ही दिवस. खालची चढत होती आणि लगेच कोसळत होती.

“वरची अण्णांची,” तो म्हणाला. “खालची आईची. तू लिहिलं होतंस अगदी तश्शीच आहे.”

मी नावांवरचा पडदा काढला.

दादानं टॅबलेट हातात घेतला. तो डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला. “हिला अर्धांग झालंय म्हणून असेल,” तो म्हणाला.

“नाही. तिला दीड वर्ष झालं, कुणीतरी सगळ्यांत आधी भरवतंय म्हणून. फोडणीचा वास आला की घास येतो, हे आता तिच्या पोटाला पटलंय. आणि अण्णांच्या पोटानं तो नाद सोडलाय.”

अण्णा हातातली वाटी मांडीवर ठेवून ऐकत होते. आईची ती उभी लाट त्यांना बसल्या जागेवरून दिसत होती. विजेच्या लाटा बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

“शेवंता,” ते म्हणाले. अण्णांनी आईला नावानं हाक मारलेली मी प्रथमच ऐकली. “एवढी वर्सं मी आणि पोरं जेवत हुतो. तुला भूक लागायची का गं तवा?”

आईनं तोंड उघडलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो. आम्ही तिघंही थांबलो.

“ला...गायची,” आई म्हणाली.

मग तिनं श्वास घेतला.

“मग... जायची.”

मी चार महिने खपून, चाळीस हजार नोंदी चाळून जे काढलं होतं, ते तेवढंच होतं. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं कधीही सांगितलं असतं. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

अण्णांनी डोळे पुसले आणि चमचा भरून तिच्या ओठांजवळ नेला. आईनं ओठ मिटून घेतले. त्यांना वाटलं घास गरम आहे, त्यांनी फुंकर मारली. तरी ती तोंड उघडेना. तिनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. मग ते हळूहळू वळवलं, चमचा अण्णांच्या तोंडाकडे जाईपर्यंत.

“अगं, माझं होईल नंतर.”

आईनं मान हलवली. नाही.

“तू खा आधी. गार होतंय.”

नाही. ओठ मिटलेले. अण्णांनी आमच्याकडे बघितलं, मग नाइलाजानं तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला. त्यांनी चावला, गिळला. आईनं तोच हात उचलला आणि दोन बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवून घास खाली उतरला की नाही ते बघितलं. मग आपलं तोंड उघडलं.

दादा ताटावरून उठला. त्यानं एका घासालाही हात लावला नव्हता. खिशातून फोन काढून तो दारात गेला. “उद्याची गाडी नको,” तो कुणाला तरी म्हणाला. “नाही, पुढच्या आठवड्यातही नको.” फोन ठेवून तो परत आला तेव्हा अण्णांचा तिसरा घास चालला होता, वाटीतून, आईच्या चमच्यानं.

“अण्णांना ताट घेतो,” दादा म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. त्या घरात तो लहानाचा मोठा झाला होता. ताटं कुठे ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं. एकेक फळी, एकेक डबा उघडून तो बघत होता, आणि बराच वेळ आतून भांडी वाजत राहिली.